प्रार्थना सुचेना तेव्हा

पाय मुरगळला तर कोणाकडे जावे, हे आमच्या गावातले शेंबडे पोरही सांगेल. दात दुखला, डोळा आला, ताप हटेना, तर त्याचीही वाट ठरलेली आहे. पण मनाचे दुखणे घेऊन माणसाने कोणाच्या दारात उभे राहावे, असे विचारून पाहा. दहा तोंडांतून बारा उत्तरे येतील. कोणी म्हणेल, पहाटे फिरायला जा. कोणी म्हणेल, नातवंडांत मन रमवा. कोणी अंगारा सुचवील, कोणी नागपूरच्या डॉक्टरचा पत्ता देईल, आणि बहुतेक जण ‘अहो, तुम्हाला काय कमी आहे?’ असे म्हणून चहाचा कप उचलतील. गेल्या दोन वर्षांत ही सारी उत्तरे मी ऐकली आणि त्यांतले एक निवडले. ते का निवडले, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच. माझी निवड प्रत्येकाला पटावी असा आग्रह नाही. पण निवडताना जे प्रश्न मनाला विचारावे लागले, ते कोणत्याही धर्माच्या वाचकाच्या कामी येतील असे वाटते.

प्रथम माझी ओळख. मी मुर्रीचा. गोंदिया शहराला लागून असलेले हे गाव. दिवाळीच्या सुमारास हलका धान कापून झालेला असतो, भारी धान अजून बांध्यांत उभा असतो, आणि वाऱ्याबरोबर ओल्या पेंढीचा वास घरात येतो. माझी नोकरी रेल्वेत झाली. तांदळाची किती पोती कोणत्या वाघिणीत चढली, याचा हिशेब ठेवण्यात उमेदीची वर्षे गेली. घराणे ख्रिस्ती, प्रॉटेस्टंट. २०११ च्या जनगणनेत सव्वाअकरा कोटींच्या महाराष्ट्रात आम्ही ख्रिस्ती अकरा लाखांच्याही आत भरलो. म्हणजे शंभरात पुरता एकही नाही. आमच्या झाडीपट्टीत तर ख्रिस्ती घरे बोटांवर मोजावीत. त्यामुळे मंडळीतल्या प्रत्येकाला प्रत्येकाच्या घरातली भांडीसुद्धा ठाऊक असतात. यात सुख आहे. अडचणही आहे, ती पुढे सांगतो.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझी पत्नी गेली. आजार सात महिन्यांचा होता. त्या सात महिन्यांत आमच्या लहानशा मंडळीने तिच्यासाठी जितकी प्रार्थना केली, तितकी कोणासाठी केलेली मला आठवत नाही. बायका उपास करीत. पाळकसाहेब पावसात भिजत घरी येत. मुलगी पुण्याहून रोज रात्री फोन करी आणि म्हणे, ‘पप्पा, आता फोन मम्मीच्या कानाशी धरा, मी प्रार्थना करते.’ मी स्वतः तर काय, मागण्यापलीकडे दुसरे काही करीतच नव्हतो. आणि ती गेली. दफनविधी झाला, माणसे आली, गेली. सांत्वनाला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य घेऊन येई, ‘देवाची इच्छा.’ मी मान हलवीत असे.

झोप उडाली. ताटातला भात तसाच राहू लागला. हे सारे शोकात होतेच. पण आणखी एक गोष्ट झाली आणि तिने मी घाबरलो. मला प्रार्थना सुचेना. लहानपणापासून जी जिभेवर होती ती जणू कोणी पुसून टाकली. डोळे मिटावे, ‘हे स्वर्गीय पित्या’ म्हणावे, आणि पुढे शब्दच नाही. त्यात मी मंडळीच्या पंचकमिटीतला. दर रविवारी कोणीतरी म्हणणार, ‘काका, आज तुम्ही प्रार्थना चालवा.’ मी घशाचे निमित्त सांगून वेळ मारून नेई. ज्याच्या घरात विहीर होती आणि एका रात्रीत आटली, त्या माणसाने शेजाऱ्याला काय सांगावे? हे माझे खरे दुखणे. झोप आणि भूक त्याच्या मागून आलेली.

पहिले दार डॉक्टरचे. मुलीने आग्रह धरला आणि मी नागपूरला मनोविकारतज्ज्ञाकडे गेलो. नागपूर या बाबतीत नवखे नाही. तिथले मनोरुग्णालय १८६४ सालचे आहे. पण आमच्याकडे ‘नागपूरला नेला’ एवढे म्हटले की ऐकणारा दोन पावले मागे सरकतो. आजाराहून त्याच्या नावाची भीती मोठी. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशभर पाहणी केली, तेव्हा शंभर प्रौढांमागे दहाहून अधिक जणांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. आणि निरनिराळ्या विकारांचा हिशेब घेता सत्तर ते ब्याण्णव टक्के लोकांना उपचार मिळतच नव्हते. माझा डॉक्टर भला गृहस्थ. त्याने रक्त तपासले, झोपेचे विचारले, जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का, हेही आडपडदा न ठेवता विचारले. गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांत झोप लागू लागली. त्या गोळ्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही. कारण जागरणाने पिंजलेल्या माणसाशी कोणी कितीही शहाणपणाचे बोलले तरी ते त्याच्या डोक्यात उतरत नाही.

झोप आली, पण प्रार्थना आली नाही. डॉक्टरने मला एका तरुण समुपदेशकाकडे पाठवले. मुलगा हुशार आणि आर्जवी. मी धीर करून म्हणालो, ‘प्रार्थना होत नाही हो.’ तो प्रेमाने म्हणाला, ‘मग नका करू, काका. सध्या ताण नका घेऊ. संध्याकाळी तळ्यावर फिरून या.’ सल्ला चुकीचा नव्हता. त्याच्या दृष्टीने प्रार्थना ही एक सवय होती, जशी कोणाला सुपारीची असावी. जमली तर करावी, न जमली तर सोडावी. माझ्या दृष्टीने ते माझे घर होते. घर जळाले म्हणून सांगायला गेलेल्या माणसाला ‘मग बाहेर झोपा, हवा छान आहे’ असे उत्तर मिळावे, तसे मला झाले. त्या मुलाला समजावून सांगण्याचा मी प्रयत्न केला. अर्धा तास मी त्याला प्रॉटेस्टंट म्हणजे काय, मंडळी म्हणजे काय, पंच म्हणजे काय हे सांगत होतो. अर्धा तास संपला तेव्हा ध्यानात आले की आज दुखणेकरी शिकवीत होता आणि वैद्य शिकत होता.

मग पाळकसाहेबांकडे का गेलो नाही? असा प्रश्न कोणीही विचारील. आमचे पाळकसाहेब सज्जन आहेत. पण कॅथलिक बांधवांकडे पापनिवेदनाची जी सोय आहे ती आमच्यात नाही. तिथे धर्मगुरूने कानावर आलेले कोणालाही सांगायचे नाही, जीव गेला तरी नाही, असा शेकडो वर्षांचा कडक नियम आहे. आमच्याकडे पाळक हा कुटुंबातला माणूस; त्याच्या ओसरीवर बसून बोलावे तर आतून पाळकबाई चहा घेऊन येणार, आणि तेवढ्यात कोणी वर्गणी द्यायला येणार. पुन्हा मी कमिटीचा पंच. त्यांच्या पगाराच्या कागदावर माझी सही. ज्याच्या कागदावर आपण सही करतो त्याच्यापुढे मन उघडे करणे अवघड जाते, आणि त्यालाही आपल्याला खरे बोलणे अवघड जाते. लहान मंडळीची अडचण म्हणतो ती हीच.

तिसरे दार आपण होऊन माझ्याकडे चालत आले. बाहेरगावच्या एका आरोग्यसभेचा प्रचारक कोणाच्या तरी ओळखीने घरी आला. माझ्या डोक्यावर हात ठेवून त्याने मोठ्याने प्रार्थना केली आणि मग टेबलावरच्या गोळ्यांकडे बोट दाखवून म्हणाला, ‘काका, या गोळ्या म्हणजे अविश्वास. टाका त्या. तुमच्या घरात विश्वास कमी पडला.’ मी त्याला दारापर्यंत पोचवले आणि परत येऊन गोळी घेतली. राग आला तो माझ्यासाठी नव्हे. ‘तुमच्या घरात विश्वास कमी पडला’ या वाक्याचा अर्थ असा होता की माझ्या बायकोचा विश्वास कमी पडला म्हणून ती मेली. शेवटच्या आठवड्यात माझाच हात धरून मला धीर देणाऱ्या बाईविषयी हे बोलणे होते.

त्या गृहस्थाने पवित्र शास्त्र हातात घेतलेले होते. वाचलेले होते की नाही कोण जाणे. संदेष्टा एलीया थकून, हताश होऊन रानात एका झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो, ही कथा राजांच्या पहिल्या पुस्तकात आहे. देवदूत येतो, पण तो एलीयाला विश्वासावर व्याख्यान देत नाही. त्याला झोपू देतो. उठवून भाकर आणि पाणी देतो. पुन्हा झोपू देतो. पुन्हा खायला घालतो. बोलणे होते ते त्यानंतर पुष्कळ दिवसांनी. शुभवर्तमान लिहिणारा लूक हा वैद्य होता, असे पौल आपल्या पत्रात लिहितो. आणि तोच पौल तरुण तीमथ्याला पोटाच्या दुखण्यावर औषध म्हणून थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, नुसती प्रार्थना करीत बस असे सांगत नाही. औषध टाकणे म्हणजे विश्वास, हे पवित्र शास्त्र शिकवीत नाही. आपल्या राज्याने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्याची मनाई केली आहे. हे कायदे हिंदूंसाठी एक, मुसलमानांसाठी एक आणि आमच्यासाठी एक असे नाहीत. आणि ते तसे नाहीत हे चांगले आहे.

असो. तीन दारे पाहून झाली. चौथ्या दाराची माहिती मला डॉक्टरनेच दिली, हे मुद्दाम सांगतो. तो ख्रिस्ती नव्हे. म्हणाला, ‘काका, तुमचे दुखणे माझ्या हाताबाहेरचे नाही, पण माझ्या भाषेबाहेरचे आहे. एक बाई आहेत, मिशनच्या इस्पितळात नर्स होत्या, नंतर समुपदेशनाचे रीतसर शिक्षण घेतले. तुमच्याच धर्माच्या. गोळ्या माझ्याकडे चालू ठेवा आणि बोलायला त्यांच्याकडे जा.’

तेव्हापासून दर पंधरवड्याला मी गोंदियाहून नागपूरची सकाळची गाडी धरू लागलो. तिरोडा, वैनगंगेचा पूल, तुमसर, भंडारा रोड, कामठी. ज्या मार्गावर नोकरी केली त्याच मार्गावर उतारू म्हणून बसलो की मन मागे जाते. या मार्गाला मराठी ख्रिस्ती माणसाच्या लेखी एक वेगळे मोल आहे. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत नारायण वामन टिळक बसले होते. मोठा विद्वान, कवी, स्वभावाने अस्वस्थ. डब्यात एक अनोळखी युरोपियन गृहस्थ भेटला. दोघांचे बोलणे झाले. उतरताना त्याने टिळकांना ‘नवा करार’ दिला आणि वाचा म्हणाला. त्याचे नावही टिळकांनी विचारले नाही. राजनांदगावला जाणारी गाडी गोंदियावरूनच जाते. म्हणजे ते बोलणे आमच्या गावाच्या शिवेवरून गेले असले पाहिजे.

टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईला झाला. पण मला विचार करायला लावतात ती मधली वर्षे. त्या काळात टिळकांना बोलायला माणूस हवा होता आणि आपल्या माणसांत ते शक्य नव्हते. म्हणून त्यांनी नाव न देता ‘ज्ञानोदय’ पत्राकडे प्रश्न पाठवून पत्रव्यवहार केला. आज आपण निनावी फोनवर मन मोकळे करतो, तेच हे. आणि लक्ष्मीबाई? नवरा धर्म सोडून गेला, आपण नवऱ्याला मुकलो, या धक्क्याने त्यांची काय अवस्था झाली ते ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना सांगायला नको. पुढे त्या टिळकांकडे राहायला आल्या, पण आपले सोवळे आणि आपली चूल घेऊन. टिळक स्वभावाने तापट. तरीही धर्माच्या बाबतीत त्यांनी सक्ती केली नाही. लक्ष्मीबाईंचे मन त्यांचे त्यांनी, त्यांच्या वेळेला बदलले. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो १९०० साली, म्हणजे पाच वर्षांनी. दुखावलेल्या मनाला वेळ द्यावा लागतो आणि उत्तर त्याचे त्याला सापडू द्यावे लागते. समुपदेशनाच्या पुस्तकांत हे आज लिहिलेले असते. त्या दोघांनी ते जगून दाखवले.

गाडी नागपूरला पोचली. आता बाईंविषयी. पहिल्या दिवशी त्यांनी मला ‘सलाम’ केला, पाणी दिले आणि कागदावर चार गोष्टी लिहून घेतल्या: औषधे कोणती, डॉक्टर कोण, त्याच्याशी बोलायला माझी परवानगी आहे का, आणि मरणाचे विचार येतात का. मग म्हणाल्या, ‘इथे बोललेले इथेच राहील. एकच अपवाद. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका दिसला तर मी गप्प बसणार नाही. हे आधीच सांगून ठेवते.’ तास पाऊण तासाचा, फी ठरलेली. फीचे ऐकून मला बरे वाटले. फुकटच्या कळवळ्याचे ओझे राहत नाही. शेवटी त्यांनी विचारले, ‘आपण प्रार्थनेने सुरुवात करायची का, शेवट करायचा, की नकोच? तुम्ही सांगाल तसे.’ मी म्हणालो, ‘नको.’ त्या ‘बरे’ म्हणाल्या आणि वही उघडली. प्रार्थना नको म्हणणाऱ्या पंचाकडे पाहून त्या बाईच्या कपाळावर आठी पडली नाही. मी तेवढ्यानेच निम्मा सैल झालो.

तिसऱ्या भेटीत त्यांनी प्रश्न टाकला, ‘लोक म्हणतात देवाची इच्छा होती. तुम्हाला हे पटते का?’

मी पुष्कळ वेळ खिडकीबाहेर पाहत राहिलो. मग म्हणालो, ‘नाही.’

‘मग काय वाटते?’

‘राग येतो. त्याचा राग येतो. सात महिने आम्ही दार ठोठावत होतो.’

हे वाक्य मी तोपर्यंत कोणाजवळ उच्चारले नव्हते. मुलीजवळ उच्चारले असते तर ती घाबरली असती. मंडळीत उच्चारले असते तर माझ्या नावाने उपास सुरू झाले असते. तरुण समुपदेशकापुढे उच्चारले असते तर त्याने कागदावर ‘राग’ एवढे टिपून घेतले असते. पण कोणाचा राग आणि त्या रागाची किंमत काय, हे त्याला कळले नसते. बाईंना कळले. त्यांनी माझा राग घालवण्याची घाई केली नाही आणि देवाची वकिलीही केली नाही. एवढेच म्हणाल्या, ‘घरी गेल्यावर अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचा. पुढच्या वेळी सांगा कसे वाटले.’

स्तोत्रसंहिता मी आयुष्यभर वाचली. पण आम्ही वाचतो ती मेंढपाळाची, हिरव्या कुरणांची. दीडशे स्तोत्रांपैकी तिसरा हिस्सा तरी विलापाची, गाऱ्हाण्यांची, कधी कधी देवाशी उघड भांडणाची आहेत, याकडे माझे लक्षच गेले नव्हते. इतर विलापांच्या शेवटी बहुधा कुठेतरी उजेडाची फट दिसते. अठ्ठ्याऐंशीव्यात ती नाही. ते स्तोत्र अंधारातच संपते. आणि तरीही ज्यांनी पवित्र शास्त्र एकत्र केले त्यांनी ते गाळले नाही! मुर्रीच्या घरात, रात्री, धानाचे किडे दिव्याभोवती फिरत असताना मी ते मोठ्याने वाचले. वाचून झाल्यावर ध्यानात आले की इतक्या महिन्यांत प्रथमच मी देवाशी बोललो होतो. बोलणे भांडणाचे होते. पण जो नाहीच त्याच्याशी कोणी भांडत नाही.

बाईंकडे माझ्या अकरा भेटी झाल्या. चमत्कार काही झाला नाही. बायको परत आली नाही, आणि ती का गेली याचे उत्तरही मिळाले नाही. पण आता रविवारी ‘काका, प्रार्थना चालवा’ असे कोणी म्हटले तर उभा राहतो. पूर्वीइतकी लांब करीत नाही. आजाऱ्यासाठी मागताना ‘तू बरे करशीलच’ असे म्हणत नाही. ‘तू त्याच्याजवळ बस’ असे म्हणतो. आणि कोणाच्या घरी सांत्वनाला गेलो तर ‘देवाची इच्छा’ हे दोन शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत.

ख्रिस्ती समुपदेशन म्हणजे ख्रिस्ती उपदेश, अशी समजूत आमच्यात आहे आणि बाहेरही आहे. मराठी शब्दाचाही यात थोडा दोष असावा. ‘समुपदेशन’ या शब्दाच्या पोटात ‘उपदेश’ लपून बसला आहे. पण या कामाची वाट ज्यांनी घातली ती माणसे पाहिली तर उपदेशापासून दूर राहणारी दिसतात. अमेरिकेतील अँटन बॉइसन हा धर्मोपदेशक १९२० साली स्वतः मनोरुग्णालयात दाखल झाला होता. बरा झाल्यावर तो मॅसॅच्युसेट्समधील वुस्टरच्या मनोरुग्णालयात पाळक म्हणून गेला आणि १९२५ पासून धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तिथे आणू लागला. त्याचे म्हणणे असे की पुस्तके वाचता तशी ही जिवंत माणसे वाचा. झुरिकचा पाळक ऑस्कर फिस्टर हा तर फ्रॉईडचा मित्र. फ्रॉईड निरीश्वरवादी; त्याने १९२७ साली धर्म हा भ्रम आहे असे पुस्तक लिहिले. फिस्टरने दुसऱ्या वर्षी त्याला खरमरीत उत्तर लिहिले, आणि फ्रॉईडने ते स्वतःच्याच नियतकालिकात छापले. मैत्री शेवटपर्यंत टिकली. लंडनच्या चॅड व्हारा या पाळकाला आरंभीच्या काळात एका कोवळ्या मुलीचा दफनविधी करावा लागला. पहिल्यांदा विटाळ आला तेव्हा काहीतरी भयंकर रोग झाला असे समजून तिने जीव दिला होता. सांगायला कोणी नव्हते. १९५३ साली त्याने आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी फोन सुरू केला. त्याच्या लक्षात असे आले की भेटीसाठी ताटकळत बसलेली माणसे चहा देणाऱ्या साध्या स्वयंसेवकांजवळ मन मोकळे करून, पाळकाला न भेटताच हलकी होऊन निघून जातात. तेव्हा त्याने काम त्यांच्याच हाती दिले आणि धर्माचा प्रचार करायचा नाही असा दंडक घातला. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाने १९५७ साली मनोरुग्णांचे केंद्र काढले. तिथे रुग्णाबरोबर घरचे माणूस राहते. म्हणजे श्रद्धा आणि वैद्यक यांनी एकमेकांकडे पाठ फिरवावी, असा काही नियम नाही.

आता प्रश्न येतो तो असा: आपल्याच धर्माचा माणूस कशाला हवा? दुःखाला जात-धर्म असतो का? दुःखाला नसतो, पण दुःख सांगण्याच्या भाषेला असतो. वारकऱ्याला ‘यंदा वारी चुकली’ म्हणताना कंठ दाटला तर तो का दाटला, हे दुसऱ्या वारकऱ्याला सांगावे लागत नाही. आमच्या शेजारचे बौद्ध गृहस्थ मुलगा गेल्यावर इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला गेले आणि शांत होऊन आले. मी तिथे गेलो असतो तर मला फार तर गुडघेदुखी मिळाली असती. आणि तिथेही गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिराला येऊ नये असा इशारा दिला जातो, ही प्रामाणिकपणाची गोष्ट आहे. ज्याला श्रद्धेचे दुखणे नाही, त्याने आपल्या धर्माचा समुपदेशक शोधत फिरण्याचे कारण नाही. परीक्षेच्या धास्तीला, नवराबायकोच्या कुरबुरीला, दारूच्या व्यसनाला कोणताही जाणता माणूस चालतो. उलट पुष्कळदा परका बरा. तो आपल्या मंडळीत भेटत नाही.

म्हणून माझ्या अनुभवातून चार कसोट्या वाचकांपुढे ठेवतो. समुपदेशक कोणत्याही धर्माचा असो, तो तुमच्या डॉक्टरशी बोलायला तयार आहे का? गोळी टाका म्हणणारा असेल तर तिथून उठावे. दुसरी, त्याने हे काम कुठे आणि किती शिकले आहे? भिडस्तपणा न करता विचारावे. पाटी रंगवायला फारसा खर्च येत नाही. तिसरी, तुमचे बोलणे त्याच्यापाशी राहते का? ‘अमक्यासाठी प्रार्थना करू या, त्याला फार त्रास आहे’ असे चारचौघांत म्हणणे हीसुद्धा चुगलीच, डोळे मिटून केलेली. आणि चौथी, सर्वांत मोठी: त्याच्यापुढे तुम्हाला देवाविषयीची शंका बोलता येते का? ईयोबाचे तीन मित्र त्याचे दुःख पाहून सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहिले. तोपर्यंत ते उत्तम समुपदेशक होते. आठव्या दिवशी त्यांनी तोंड उघडले आणि ईयोबाचे पाप शोधू लागले. शेवटी देव रागावला तो देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे, देवाची बाजू घेणाऱ्या मित्रांवर.

आणि जिथे बाई नाहीत, डॉक्टर नाही, गाडीभाडेही नाही, तिथे काय? १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ‘टेली-मानस’ ही फोनसेवा चालू आहे. क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. नाव सांगायचीही सक्ती नाही. टिळकांना जे निनावी पत्राने साधावे लागले ते आज आमगाव-सालेकशाच्या पलीकडल्या पाड्यावरूनही साधते. तिथे तुमच्या धर्माचे माणूस भेटेल असे नाही. पण बुडणाऱ्याने दोर टाकणाऱ्याचा धर्म विचारू नये. काठावर आल्यावर मग आपल्या भाषेतले माणूस शोधायला वेळ असतो.

दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरेल. माणसे पाहुण्यांकडे जातील, रात्रभर नाटके पाहतील, सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी चहा पितील. या गर्दीत असाही एखादा असतो की ज्याच्या घरात यंदा एक ताट कमी वाढले गेले आहे आणि जो तुमच्या ‘कसे काय?’ला ‘बरे आहे’ म्हणतो. त्याला देवाची इच्छा सांगू नका. त्याला काय कमी आहे तेही विचारू नका. त्याच्याजवळ थोडे बसा. तो बोललाच, तर ऐका. आणि तुमच्या आवाक्याबाहेरचे असेल, तर त्याला योग्य दारापर्यंत सोबत करा.